खोक्याने गप्प बसावे

कवठे येमाईच्या यात्रेत तमाशाच्या बोर्डाला खेटून बसून ज्याने ढोलकी ऐकली आहे, त्याला ‘बेस’ म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. उजव्या हाताची शाई कानाला ऐकू येते आणि डाव्या हाताची धुम पोटाला. पोटाला ऐकू येते म्हणजे काय, असे विचारणाऱ्याने आयुष्यभर फक्त खिशातला ट्रान्झिस्टर ऐकला असावा.

गाव शिरूर तालुक्यातले, पण त्याची सोयरीक तमाशाशी. इथल्याच बशीर मोमीन कवठेकरांनी (१९४७–२०२१) फडांसाठी लावण्या लिहिल्या, वग लिहिले आणि विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार मिळवला. म्हणजे शब्दही गावचा आणि ढोलकीही ओळखीची. या दोघांच्या मध्ये आला तो कर्णा.

विजेचा आवाज खेड्यांत शिरला तो या पत्र्याच्या कर्ण्यातून. त्याची तब्येत अशी, की शब्द वेशीपर्यंत स्वच्छ पोचवील, पण ढोलकीचे मात्र तेलाच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखे करील. त्यात त्याचा दोष नाही. सेकंदाला शंभर कंपनांचा सूर घेतला तर त्याची एक लाट सव्वाअकरा फूट लांब होते, आणि ती धड बाहेर सोडायला कर्ण्याचे तोंड साडेतीन फूट रुंद लागते. गावातला कर्णा दीड फुटाचा. अडीचशे कंपनांच्या खाली तो जवळजवळ मौनच पाळतो. धुम तिथेच वारली.

तिकडे अमेरिकेत १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी कागदी शंकूचा स्पीकर जगापुढे मांडला. आजही आपण ऐकतो ते बहुतेक स्पीकर त्याच खानदानातले. पण नुसता शंकू उघडा ठेवला तर त्याने पुढे ढकललेली हवा कडेने वळून मागच्या पोकळीत शिरते. जमा तितकेच नावे, शिल्लक शून्य! बँकेत असा हिशेब जुळला की आम्ही घरी जातो. स्पीकरमध्ये जुळला की बेस घरी जातो. म्हणून पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवायला खोके आले.

मग या खोक्यावरून घराणी पडली. एडगर व्हिलचरने १९५४ साली खोके हवाबंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवले. त्याच्या आधीच, १९३२ मध्ये, बेल प्रयोगशाळेच्या आल्बर्ट थुरासने खोक्याला मुद्दाम भोक ठेवण्याचे पेटंट घेतले होते. मागचा वाया जाणारा आवाज वळवून त्या भोकातून योग्य वेळी बाहेर काढायचा, ही त्याची युक्ती.

थुरासचे नाव न ऐकता आपल्या खेड्यापाड्यांनी हीच युक्ती माठावर केली. टेपरेकॉर्डरच्या दिवसांत सुटा स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा टाकायचा आणि अंगणात घुमारा काढायचा, हा उद्योग ज्याने पाहिला नाही तो शहरी समजावा. रिकाम्या भांड्यातल्या हवेचा सूर तिच्या आकारमानावर आणि तोंडाच्या मापावर ठरतो, हे हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन पंडिताने १८६३ च्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. मोठा माठ, अरुंद तोंड, खालचा सूर. कवठ्याहून टाकळी हाजीला गेलात आणि पलीकडे निघोजच्या बाजूला कुकडीच्या पात्रात डोकावलात, तर नदीने काळ्या पाषाणात कोरलेले रांजणखळगे दिसतात. मजबुतीच्या दृष्टीने याहून चांगले खोके जगात नाही. फक्त दिवाणखान्यात आणण्याची अडचण आहे.

आता दिवाणखान्याचा विषय निघालाच आहे. हल्ली कमरेइतके उंच, सडपातळ मनोऱ्यासारखे स्पीकर घेण्याची पद्धत आहे. त्यात अर्थ आहे : जमिनीवर जागा वीतभर अडते आणि पोटात हवा मात्र भरपूर मावते. हॉफमन नावाच्या गृहस्थाने या धंद्याचा लोखंडी कायदा सांगून ठेवला आहे. लहान खोके, खोल बेस आणि थोडक्या विजेत मोठा आवाज, यांतली कोणतीही दोनच मागा. आमच्याकडेही मोठी रक्कम, कमी व्याज आणि तारण नको असे तिन्ही एकदम मागणारे येतातच की!

मनोऱ्याला एक खोडही आहे. आत मीटरभर उंचीची हवा उभी असली की एकशे सत्तरच्या आसपासचा सूर तिच्यात फुकट घुमू लागतो. म्हणून आत लोकर भरायची, नाहीतर मध्ये फळी घालायची.

शेजारचे मास्तर मात्र सागवानावर अडून बसले होते. “अहो, सतार तुंब्याशिवाय वाजते का? तसा स्पीकर सागाशिवाय नाही.”

“मास्तर, तुंब्याने गायचे असते. स्पीकरच्या खोक्याने गप्प बसायचे असते.”

“मग आम्ही दीडपट पैसे कशाचे देतो?”

“पॉलिशचे.”

मास्तर त्या दिवशी चहा न घेता गेले. पण हिशेब माझ्या बाजूचा आहे. साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो, तर लाकडाचे तंतू दाबून केलेला एमडीएफ साडेसातशे. शिवाय साग पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. जातिवंत लाकडाने तो आठपट होत नाही. यॉर्कशरच्या गिल्बर्ट ब्रिग्जने तर प्लायवूडच्या दोन पत्र्यांमध्ये वाळू भरली आणि खोलीच्या कोपऱ्यात चक्क विटांची खोकी बांधली. उलट बीबीसीच्या संशोधकांनी पातळ प्लायवूड घेऊन त्याला आतून डांबरी थर चिकटवले, म्हणजे फळी थरथरली तरी पटकन निवते. रस्ते दोन, पण फळीला सूर लागू द्यायचा नाही, याबद्दल दोघांचे एकमत. ढोलकीचे खोड कोरणाऱ्या सुताराला हे सांगितले तर तो हसेल, आणि त्याचेही बरोबर आहे.

आता यात्रांतून कर्णा हटला आहे आणि ‘टॉप’ व ‘बेस’ यांची भिंत उभी आहे. प्लायवूडचीच, आत अठरा इंची शंकू. मेलेली धुम व्याजासकट परत आली आणि तिने शब्दाचा गळा धरला. व्यंजने उमटतात वरच्या कंपनांत, पण खालची लाट थोर झाली की वरची झाकून टाकते. लावणीतला श्लेष गेला, शालू तेवढा दिसतो. आवाजाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर भोंग्यांना लगाम घातला, पण दहाच्या आधी काय ऐकू यावे हे नियमांत नाही.

गेल्या यात्रेत एक वयस्क ढोलकीवाला पाहिला. बाई गायला उभी राहिली तसा त्याने डाव्या पुडीजवळचा माइक पायाने वीतभर लांब सरकवला. साउंडवाला पोरगा धावत आला आणि त्याने तो पुन्हा जवळ आणून ठेवला. म्हाताऱ्याने पुन्हा सरकवला. माझ्यादेखत हे तीनदा झाले.