खुणेकडून पिनेकडे : महाराष्ट्रातील मोटारदुरुस्ती आणि कॅमशाफ्ट-जुळणीचा इतिहास
(कट्टा–मालवण परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन बहुधा कारखान्याच्या दारापाशी येऊन थांबते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारींची जोडणी सुरू झाली, डिसेंबर 1998 मध्ये पुण्याच्या टाटा कारखान्याची 'इंडिका' जनतेसमोर आली. या घटनांच्या तारखा अभ्यासकांना सहज उपलब्ध होतात. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेले वाहन पुढे वीस-पंचवीस वर्षे कोणी चालते ठेवले, त्यासाठी कोणते ज्ञान लागले आणि ते कसे बदलत गेले, या प्रश्नांना त्या इतिहासात फारशी जागा नाही. गॅरेजचा मिस्त्री हा या इतिहासातील अनुल्लेखित पुरुष होय.

प्रस्तुत लेखात मिस्त्रीच्या कामातील एकाच क्रियेचा मागोवा घेतला आहे. इंजिन पुन्हा जोडताना कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांची परस्परांशी जुळणी करणे, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत 'टायमिंग लावणे', ही ती क्रिया होय. मराठीत तंबोरा लावतात, घड्याळ लावतात. त्याच 'लावणे' या क्रियापदाने मिस्त्रीने हा परका शब्द आपलासा केला. कसाल–मालवण मार्गावरील कट्टा ही बाजारपेठ या अभ्यासासाठी मुद्दाम निवडली आहे. पुण्या-मुंबईच्या अधिकृत सेवाकेंद्रांपासून दूर असलेल्या अशा गावी वाहन बंद पडले, तर जवळच्या मिस्त्रीवाचून गत्यंतर नसते. दुरुस्तीच्या ज्ञानात झालेला बदल म्हणूनच येथे अधिक तीव्रतेने जाणवतो.

जुळणीचे तत्त्व

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. कॅमशाफ्टवरील उंचवटे वॉल्व उघडतात. ते केव्हा उघडावेत आणि केव्हा मिटावेत हे पिस्टनच्या स्थानावर अवलंबून असते. कॅमशाफ्टच्या चाकाला 40 दात आहेत असे मानले, तर एका दाताची चूक म्हणजे कॅमशाफ्टच्या 9 अंशांची आणि क्रँकशाफ्टच्या हिशेबाने 18 अंशांची चूक होय. एवढ्याने गाडीची ओढ जाते, धूर येतो, इंधन अधिक लागते. चूक काही दातांची झाली आणि इंजिनाची रचना तशी असली, तर वर येणारा पिस्टन उघड्या वॉल्ववर आदळतो व वॉल्व वाकतो.

खुणांचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील रस्त्यांवर जी वाहने आली, त्यांपैकी बहुतेकांत ही जुळणी दातेरी चाकांनी किंवा साखळीने साधलेली होती. महिंद्राच्या जीपमध्ये आणि डायमलर-बेंझच्या सहकार्याने 1954 पासून तयार होऊ लागलेल्या टाटा मालमोटारींत दातेरी चाके होती. कुर्ल्याची फियाट 1100, जी पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली, तिच्या 1089 घनसेंटिमीटरच्या इंजिनात साखळी होती. चाकांवर कारखान्यातच ठोकलेल्या खुणा असत. खुणेला खूण लावली की जुळणी झाली. चाक शाफ्टवर चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याने, पक्के केलेले असल्यामुळे खूण जागची हलण्याचा प्रश्न नव्हता.

हे काम वाटते तितके यांत्रिक मात्र नव्हते. क्रँकशाफ्टवरील खूण एका पूर्ण चक्रात दोनदा वर येते, त्यांपैकी स्फोटाची वेळ कोणती हे ओळखावे लागते. त्यासाठी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून छिद्रावर अंगठा धरायचा आणि इंजिन हाताने फिरवायचे. हवेचा दाब अंगठ्याला ढकलू लागला की पिस्टन कोणत्या स्ट्रोकवर वर येत आहे हे कळते. उमेदवारी करणारा मुलगा ही गोष्ट पुस्तकातून शिकत नसे. उस्तादाच्या हाताशेजारी हात ठेवूनच ती शिकावी लागे.

साखळीच्या इंजिनाने याच ज्ञानाला आणखी एक पदर जोडला. बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीजचे ओएम 616 हे डिझेल इंजिन येथे तयार केले आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते ट्रॅव्हलर, ट्रॅक्स या वाहनांत बसवले. कोकणातील प्रवासी वाहतुकीत ट्रॅक्सने बजावलेली कामगिरी सर्वपरिचित आहे. या इंजिनाची साखळी वापराने लांबत जाते, परिणामी कॅमशाफ्ट काही अंश मागे पडतो. खुणा जुळलेल्या दिसत नाहीत, तरी दात चुकलेला नसतो. अशा वेळी सरळ चावीऐवजी किंचित तिरकी केलेली चावी घालून ते अंश भरून काढता येतात. खूण काय सांगते आणि ती किती खरी आहे, हा विवेक येथे मिस्त्रीचा होता. दुसरे असे की, ढिली साखळी खडखडते. तिचा आवाज ऐकून इंजिन केव्हा उघडायचे हे ठरत असे. कान हे त्याचे प्रमुख उपकरण होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पट्ट्याचे आगमन

दातेरी रबरी पट्टा मूळचा मोटारीचा नव्हे. अमेरिकेत 1940 च्या दशकात शिवणयंत्रासाठी त्याचा विकास झाला. जर्मनीतील ग्लास कंपनीने 1960 च्या दशकाच्या प्रारंभी आपल्या 1004 या मोटारीत कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी तो वापरला, आणि 1966 मध्ये ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी रचलेल्या फियाटच्या दोन कॅमशाफ्टच्या इंजिनाने त्याला मोठ्या उत्पादनात स्थान दिले. हे इंजिन फियाट 124 च्या स्पोर्ट आवृत्त्यांसाठी होते. कुर्ल्याशी फियाटचा एवढा जुना संबंध असूनही ते येथे आले नाही. 1985 मध्ये '118 एनई' या नावाने 124 चा सांगाडा कुर्ल्यात आला, पण त्याच्या पोटात निसानचे जुन्या धर्तीचे पुशरॉड इंजिन होते. तंत्रज्ञान बाहेरून आत येताना त्याचे तुकडे कसे पडतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भारतीय मिस्त्रीला पट्टा प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला तो हरियाणातून आलेल्या मारुती 800 मध्ये, 1983 नंतर. तिचे 796 घनसेंटिमीटरचे इंजिन लहान आणि पट्टा हाताशी होता. कॅम-पुलीची खूण आवरणावरील खुणेशी आणि क्रँकची खूण खालील बाणाशी जुळवायची, ताणरोलर सैल करून पट्टा चढवायचा, एवढेच काम. ते करताना कोणाला फारशी अडचण आली नाही. जुनेच ज्ञान नव्या वस्तूवर चालले.

खरा बदल डिझेल मोटारींनी घडवला. इंडिकाच्या 1405 घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनात पट्टा कॅमशाफ्टबरोबरच इंधनपंपही फिरवत असे. डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाते, म्हणून पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि वॉल्वच्या मध्ये जागा जवळपास उरत नाही. पट्टा तुटणे म्हणजे हेड उतरवणे, वॉल्व बदलणे, क्वचित त्याहून मोठा खर्च. आणि पट्टा तुटण्यापूर्वी आवाज करत नाही. त्याच्या दातांच्या मुळाशी पडलेल्या बारीक भेगा आवरण काढल्याशिवाय दिसत नाहीत. इतक्या वर्षांत तयार झालेला कान येथे निरुपयोगी ठरला. त्याची जागा किलोमीटरच्या आकड्याने घेतली.

ग्रामीण भागात हा आकडाच संशयास्पद असतो. मुंबईत किंवा पुण्यात काही वर्षे वापरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गावी येते, तेव्हा तिच्याबरोबर दुरुस्तीची वही क्वचितच येते. पट्टा पूर्वी बदलला आहे की नाही, हे सांगणारे कोणी नसते. शहाणा मिस्त्री अशा वेळी नवा पट्टा, ताणरोलर आणि शक्य तर पाण्याचा पंपही एकदमच बदलण्याचा आग्रह धरतो. मालकाला तो अनावश्यक खर्च वाटतो. गणेशोत्सवात गावी निघालेल्या चाकरमान्याची गाडी घाटात बंद पडली, तर या दोघांतील कोणाचे म्हणणे खरे होते हे सिद्ध होते, पण त्याची किंमत इंजिनाने मोजलेली असते.

पिनेचा काळ

1994 मध्ये कल्याण परिसरातील कारखान्यात पाल-प्युजो 309 ही मोटार तयार होऊ लागली. तिचे उत्पादन काही वर्षांतच थांबले. उद्योगाच्या इतिहासात तिचा उल्लेख अपयश म्हणून होतो. जुळणीच्या इतिहासात मात्र तिला वेगळे स्थान द्यावे लागेल. तिच्या इंजिनात फ्लायव्हील आणि कॅमच्या चाकाला छिद्रे होती. इंजिन योग्य स्थितीत आणून त्या छिद्रांतून पिन किंवा बोल्ट घालायचा, म्हणजे दोन्ही शाफ्ट जागीच अडकतात, आणि मग पट्टा चढवायचा. येथे डोळ्याने खूण जुळवण्याऐवजी छिद्रात पिन बसते की नाही हीच कसोटी झाली. विशेष अवजार नसले तरी नेमक्या मापाचे ड्रिल-बिट घालून काम होत असे. कंपनीच्या अवजाराला गॅरेजने दिलेले हे उत्तर इतिहासकाराने नोंदवण्याजोगे आहे.

पुढील टप्पा अधिक कठीण होता. नाशिक येथे 2007 पासून तयार झालेल्या महिंद्रा-रेनो लोगनच्या 1.5 लिटर डिझेल इंजिनात कॅम आणि क्रँक पिनांनी अडकवावे लागत. रांजणगावचे फियाटचे 1.3 लिटर मल्टिजेट इंजिन, जे 2008 मध्ये इंडिका व्हिस्टामध्येही आले, साखळीचे होते. परंतु त्याचे दोन्ही कॅमशाफ्टही पिनांनीच धरावे लागतात. 2012 च्या रेनो डस्टरच्या 1.6 लिटर पेट्रोल इंजिनात दोन कॅमशाफ्टच्या मागील टोकांना खाचा आहेत. हेडच्या मागची झाकणे काढून त्या खाचा आडव्या एका रेषेत आणायच्या आणि त्यांत सपाट पट्टी बसवायची, तेव्हा दोन्ही शाफ्ट एकमेकांशी जुळतात. या इंजिनाच्या कॅम-पुलीला चावी नाही. ती केवळ नट आवळल्याने घर्षणावर धरून राहते.

चावी गेली म्हणजे खूणही गेली. पुलीवर रंगाने केलेली खूण नट सैल होताच अर्थहीन होते, कारण पुली शाफ्टवर कोणत्याही कोनात बसू शकते. पन्नास वर्षे उपयोगी पडलेली 'उघडण्यापूर्वी खडूने खूण करून ठेव' ही शिकवण येथे मिस्त्रीला चुकीच्या मार्गाने नेते. त्याचप्रमाणे पिन ही केवळ स्थान दाखवण्यासाठी असते, नट आवळताना जोर सहन करण्यासाठी नव्हे. पुली वेगळ्या अवजाराने धरून न ठेवता पिनेच्या आधारावर नट आवळल्यास पिन वाकते किंवा शाफ्टला इजा होते. हा भेद न कळल्यामुळे झालेले नुकसान बहुधा मिस्त्रीच्या अडाणीपणावर लोटले जाते. ते अन्याय्य आहे. अवजार कंपनीच्या साखळीतून मिळायचे, माहिती इंग्रजी पुस्तिकेत असायची आणि ती पुस्तिका अधिकृत विक्रेत्यापुरती राखीव असायची. अशा स्थितीत दोष कोणत्या टोकाला द्यावा हे स्पष्ट आहे.

तथापि जुने ज्ञान पूर्णतः बाद झाले असे मानणेही योग्य नाही. पट्टा चढला, ताण बसला, पिना काढल्या, की स्टार्टर मारण्यापूर्वी क्रँकशाफ्ट पान्याने चालीच्या दिशेनेच दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि पिना पुन्हा घालून पाहायच्या. फिरवताना कोठे अडकले, तर जोर न लावता थांबायचे. हा नियम पुस्तिकेत छापलेला आहे, आणि पद्मिनीचे इंजिन हाताने फिरवणाऱ्या उस्तादाच्या बोटांतही तो होता. हाताला लागणारी अडचण कॉम्प्रेशनची की वॉल्वची, हे ओळखणे अजूनही हातालाच शक्य आहे.

2008 पासून मारुतीच्या के-मालिकेच्या इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी आली आणि अनेक नव्या पेट्रोल मोटारींनी तोच मार्ग धरला. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली आणि तिच्याबरोबर चाकावरील ठोक्यांचा एक मोठा शाळावर्गही मिटला. कट्ट्याहून खाली मालवणच्या किनाऱ्याकडे गेल्यास मात्र निराळे चित्र दिसते. यांत्रिक मासेमारी नौकांवर बसवलेली मालमोटारीच्या जातीची डिझेल इंजिने अद्याप दातेरी चाकांवर चालतात. खाऱ्या हवेत गंजलेले आवरण काढून, काजळी पुसून, ठोक्यासमोर ठोका आणून टायमिंग लावणारा हात तेथे आजही लागतो.