जुन्या नेटबुकची दुसरी पाळी

गेल्या दिवाळीत मोझरीला गेलो, तर बाबांनी माळ्यावरून जुनं नेटबुक काढून समोर ठेवलं. "फेकू नोको बापू. याच्यात भजनं हायेत."

गुरुकुंजातल्या प्रार्थनेहून परतल्यावर म्हाताऱ्या मंडळींकडून ऐकलेली भजनं त्यांनी वर्षानुवर्षं यात टाइप केलेली. यंत्र कसलं, तर १ जीबी रॅम, ३२ बिटांचा प्रोसेसर आणि एक्सपी, जिच्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या.

गंमत बघा. २००७ मध्ये आसूसचं ईईई पीसी बाजारात आलं ते लिनक्स घेऊन. त्याच वर्षी कर्जतजवळच्या एका छोट्या शाळेत पोरांना मिळालेले एक्सओ लॅपटॉपही फेडोरावर बेतलेले होते, रॅम अवघी २५६ एमबी! एक्सपीला असल्या स्वस्त यंत्रांपुरती मुदतवाढ मिळाली ती २००८ मध्ये. तरी आपण सगळे एक्सपीकडेच धावलो. कारण साधं होतं: शेजारच्या डीटीपीवाल्याकडे तीच, आणि मराठी फॉन्टही त्याच्याकडचेच.

आता उलटा प्रवास. फेडोराने ३२ बिटांचं कर्नल २०१९ मध्ये सोडलं, डेबियन १३ ने २०२५ मध्ये असल्या यंत्रांवरचं इन्स्टॉलेशन बंद केलं. शेवटी डेबियन १२ वर आधारलेलं अँटीएक्स २३ घेतलं. जुन्या संगणकांसाठीच बनवलेलं, शिवाय पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं.

तेच वाचवलं म्हणा. फायली मी कॉपी करून ठेवल्या होत्या. पेनड्राइव्हवरून चालू करून एक उघडली, तर ओळीच्या ओळी रोमन अक्षरांचा कचरा! युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. 'ळ' च्या जागी भलतंच चिन्ह. फॉन्टची फाइल घ्यायचीच राहिली होती. डिस्क पुसली असती तर? एक्सपीच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ती उचलली, नव्या प्रणालीत टाकली, आणि देवनागरी परत आली. मगच डिस्क पुसली.

इंटरनेट मात्र जोडून दिलं नाही. एवढ्याशा रॅमवर आजची संकेतस्थळं म्हणजे बंडीला ट्रकचा माल.

बाबांनी चष्मा लावला, खाली सरकवत सरकवत एका भजनाशी थांबले. "याचं शेवटचं कडवं राह्यलं होतं." नवं लेखन आता इनस्क्रिप्टमध्ये, युनिकोडमध्ये. 'ज्ञ' कुठे आहे ते शोधण्यात आमची अर्धी संध्याकाळ गेली.