दुर्गम पाने

'दुर्गम' म्हटले की मेळघाट आठवतो, भामरागड आठवते. एखादे पानही दुर्गम असू शकते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

शब्दाच्या पोटात मात्र ते आहे. 'गम्' म्हणजे जाणे. जिथे जाणे कठीण ते दुर्गम. 'दुर्ग'ही त्याच कुळातला. पण गतिवाचक धातू ज्ञानवाचकही असतात, असा संस्कृत वैयाकरणांचा जुना दंडक आहे. म्हणून 'अवगत' म्हणजे कळलेले, 'बोधगम्य' म्हणजे समजण्याजोगे. (मराठीतली 'जाणे' आणि 'जाणणे' ही जोडी फसवी आहे, एकाचे मूळ 'या', दुसऱ्याचे 'ज्ञा'.) 'सुगम्य' हा शब्द मला फार आवडतो तो यामुळेच. चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प आणि अंधांसाठीचे पुस्तक, दोन्ही त्यात मावतात. 2015 साली 'सुगम्य भारत' अभियान निघाले आणि 2016 साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय.

सरकारी मराठीचा लाडका शब्द वेगळाच : 'उपलब्ध'. त्याचा धातू 'लभ्', म्हणजे मिळणे; 'लाभ' आणि 'सुलभ' त्याचेच भाऊबंद. शासन निर्णय संकेतस्थळावर 'उपलब्ध' असतो, म्हणजे मिळतो. वाचता येतो का, हा प्रश्न त्या शब्दाला पडतच नाही.

मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 साली एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, तयार करायला घेतला. तो फुकट मिळतो, मराठीही वाचतो. पण कागद नुसता स्कॅन करून चढवला असेल, तर त्याच्या लेखी ते चित्र. वाचायला अक्षरेच नाहीत. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टची तऱ्हा याहून वाईट. पडद्यावर 'मराठी' दिसते, पण फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे : ई, जे, के, बी, एच. डोळसांना याचा पत्ताही लागत नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र ओळीमागून ओळ तेच कडबोळे आदळते. युनिकोडमध्ये टाइप केले की तोच मजकूर सुरळीत ऐकू येतो.

छापील पुस्तकांपुरती कायद्याची आडकाठीही उरलेली नाही. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर भारतात अपंगांसाठी पुस्तकाची सुगम्य प्रत करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि अशा प्रती देशोदेशी पोचवू देणाऱ्या मराकेश कराराला 2014 साली सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. सरकारी कागदाला तर प्रकाशकही सरकारच. तेव्हा परिपत्रकाखाली 'उपलब्ध आहे' असे लिहिणाऱ्याने ती फाइल आधी एकदा स्क्रीन रीडरवर ऐकावी, आणि मगच चढवावी.