प्रथमोपचाराच्या पेटीतील सुरी

कारखान्याच्या भिंतीवरील, पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस काढलेली पेटी पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. ती उघडून पाहण्याचा प्रसंग मात्र थोड्यांवरच येतो. तीत काय असावे हे कोणी व कशाच्या आधारे ठरविले, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे.

अमेरिकेतील जॉन्सन आणि जॉन्सन ह्या कंपनीने १८८८ साली अशा पेट्या विक्रीस आणल्या, त्या मुख्यतः रेल्वेच्या कामगारांसाठी. रूळ घालणाऱ्या टोळ्या शस्त्रवैद्यापासून दूर असत; आणि उघडी जखम दूषित होऊन माणूस दगावतो हे तत्त्व लिस्टरने १८६७ मध्येच मांडले होते. तेव्हा वैद्य भेटेपर्यंत जखम स्वच्छ झाकून ठेवणे, एवढाच पेटीचा मूळ हेतू होय.

आमच्या देशात कंत्राटी मजुरांसाठी १९७१ साली केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांतील यादी मोठी उद्बोधक आहे. निर्जंतुक पट्ट्या, आयोडीन, कात्री, ॲस्पिरिनच्या शंभर गोळ्या, हे सारे यथायोग्यच. परंतु त्यांच्याच पंक्तीला सर्पदंशावरची एक सुरी आणि पोटॅशियम परमँगनेटचे स्फटिक बसविले होते!

ह्या सुरीचे कूळ १९०४ पर्यंत मागे जाते. ब्रंटन, फेरर व रॉजर्स ह्या तिघांनी त्या साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. परमँगनेटचा प्रत्यक्ष स्पर्श झाला की विष निकामी होते. म्हणून दंशाची जागा चिरून तीत स्फटिक चोळावे, असा त्यांचा उपाय. त्यांना हसण्याचे कारण नाही. रानावनात राबणाऱ्याला रुग्णालय कोसगणती दूर, आणि त्याच्या हाती दुसरे होते तरी काय? पण काचनळीत जे घडते ते देहात घडेलच असे नाही. विष अंगात पसरू लागलेले असते, आणि परमँगनेटने मांस मात्र जळते. शिवाय काल्मेतने प्रतिविष १८९५ मध्येच सिद्ध केले होते. दंश झालेला अवयव हलू न देता रोग्यास सत्वर रुग्णालयात न्यावे, चिरू नये, असेच आजचे वैद्यक सांगते. म्हणजे सुरीपेक्षा एक फळी, एक पट्टी आणि एक वाहन अधिक मोलाचे.

मग सुरी टिकली कशी? त्याच नियमांत, विहित वस्तूंखेरीज पेटीत काहीही ठेवू नये, असे कलम होते. त्यामागील हेतू आम्हांस मान्य आहे. नाही तर पेटीत मुकादमाचा तंबाखूही विसावला असता. परंतु जे कलम तंबाखूला अडविते तेच नव्या ज्ञानालाही अडविते. इंग्लंडने १९८१ च्या नियमांत निराळी वाट धरली: यादी न देता सामग्री पुरेशी व योग्य असावी, एवढेच म्हटले. धनी कृपण असेल तर ‘पुरेसे’ ह्या शब्दाचे काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून यादी असावी, हेच आमचे मत; मात्र ती ठरावीक काळाने वैद्यांच्या नजरेखालून गेलीच पाहिजे.

ह्या १९७१ च्या नियमांत आणखी एक गोष्ट आढळते. पेटी सांभाळणारा प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेला असावा, ही अट दीडशे किंवा अधिक मजूर असतील तेथेच लागू होती. लहान टोळीत ती सुरी ज्याच्या हाती येई, त्याच्या सोबतीला पेटीतले एक पत्रक तेवढे असे. आणि त्याला वाचता येते की नाही हे कोणी विचारले नव्हते.