शीर्षप्रहेलिकेचा ताळा



पर्युषणात उपाश्रयातून येताना नातू म्हणाला, "आजी, शीर्षप्रहेलिका म्हणजे नुसतं 'खूप मोठं' म्हणायला काढलेलं नाव ना?" मी नाही म्हटलं खरं, पण दाखवता येईना. म्हणून वही काढली.

अनुयोगद्वार सूत्रात हिशेब स्वच्छ आहे. ८४ लाख वर्षांचे एक पूर्वांग. त्याला पुन्हा ८४ लाखांनी गुणले की पूर्व, म्हणजे ७० लाख ५६ हजार कोटी वर्षे. मग त्रुटितांग, त्रुटित असे दर पायरीला ८४ लाखांनी गुणत अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका. गणित तिथवरच, पुढचे पल्योपम, सागरोपम उपमेने सांगायचे.

८४ लाखांत पाच शून्ये, अठ्ठावीस वेळा गुणल्यावर १४०. त्यांच्या आधी ८४ चा अठ्ठाविसावा घात, ५४ अंकी. एकूण १९४ अंक. ते ५४ असे:

७५८२६३ २५३०७३ ०१०२४१ १५७९७३ ५६९९७५ ६९६४०६ २१८९६६ ८४८०८० १८३२९६

चौविहारामुळे जेवणे लवकर उरकली होती, म्हणून ताळा पाहायला बसले. ८४ ला तिनाने भाग जातो, तेव्हा या संख्येला नवाने जायलाच हवा. अंकांची बेरीज २५२, नवाच्या अठ्ठावीस पट. जुळले. पण कॉमर्सवालीला ठाऊक असते, शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले तर नवाचा ताळा ती चूक पकडत नाही. ती अकराचा पकडतो. ८४ ला अकराने भागून ७ उरतात. सातांचा अठ्ठाविसावा घात भागला की ९. आता उजवीकडून एकाआड एक अंक मिळवले: ११४ आणि १३८. ११४ तून १३८ जात नाहीत, ३३ मिळवून वजा केले. उरले ९!

नातू गप्प झाला, पण मला पुढचेच जास्त लागले. ज्योतिष्करंडकात हीच शीर्षप्रहेलिका २५० अंकी आहे, छत्तीस पायऱ्यांची. सारे श्रुत तेव्हा पाठांतरावर. मोठा दुष्काळ पडला, साधू विखुरले, पाठ विसरू लागले. सुकाळ झाल्यावर मथुरेला स्कंदिलाचार्यांनी आणि वलभीला नागार्जुनांनी उरलेले आठवून जुळवले. दोघांची भेट झाली नाही, आणि वाचना वेगळ्या राहिल्या. अनुयोगद्वार माथुरी वाचनेचे, ज्योतिष्करंडक वलभीचे. बाराव्या शतकात मलयगिरींनी टीकेत हे कारण सांगितले, आणि कोणतीही संख्या खोडली नाही. आपल्या घरी दोन वह्यांत आठ पायऱ्यांचा फरक निघाला असता तर आपण एक वही फाडली असती, नाही का?

आता नातू विचारतोय, खरी कोणती. मी त्याला ८४ चा छत्तिसावा घात करायला बसवलेय. सत्तर अंक यायला हवेत, पुढे १८० शून्ये. काल रात्री एकोणसत्तर आले होते.