नर्व्ह : इंग्रजीतील भय आणि धैर्याचे शब्दप्रयोग

नर्व्ह : शरीरशास्त्रात मज्जातंतू, रोजच्या इंग्रजीत मात्र धैर्य, आगाऊपणा, धास्ती आणि चिडचिड अशा चार अर्थांनी येणारा शब्द. भय आणि हिंमत या दोन्हींसाठी एकच शब्द का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडतो. त्याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे.

लॅटिन ‘नर्व्हस’चा मूळ अर्थ तात, धनुष्याची दोरी. संस्कृतातील ‘स्नावन्’ आणि ‘स्नायु’ हे त्याचेच भाऊबंद. हिंदी-बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू, मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. एकाच शब्दाची ही फाटाफूट शेजारच्या भाषांतही झालेली आहे. इंग्रजीतही नर्व्ह आधी ताकदीचा शब्द होता. ‘स्ट्रेन एव्हरी नर्व्ह’ म्हणजे जिवाचे रान करणे, या प्रयोगात ती जुनी ताणलेली दोरी अजून शाबूत आहे. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ मध्ये मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, जॉर्ज चेनीने १७३३ मध्ये ‘द इंग्लिश मॅलडी’ या पुस्तकात खिन्नता आणि धास्तीचे खापर मज्जातंतूंवर फोडले, आणि शब्दाचा तोल दुबळेपणाकडे झुकू लागला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशात हा झुकाव स्पष्ट दिसतो. तिथे ‘नर्व्हस’चा पहिला अर्थ बळकट, जोमदार असा आहे, दुबळ्या मज्जातंतूंचा, हा अर्थ तिसरा, आणि तोही वैद्यांची खास बोली असा शेरा मारून दिलेला. पुढे रोजच्या बोलण्यात हा तिसरा अर्थच उरला.

वापरताना वचनाकडे लक्ष द्यावे. एकवचनात बहुधा धैर्य असते : ‘लूज युअर नर्व्ह’ म्हणजे ऐन वेळी धीर सुटणे, ‘होल्ड युअर नर्व्ह’ म्हणजे न डगमगता टिकून राहणे. अनेकवचनात बहुधा धडधड असते. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी नटाला होतात त्या ‘नर्व्ह्ज’. ‘नर्व्ह्ज ऑफ स्टील’ हा ठळक अपवाद, पण तिथे धैर्य पोलादामुळे आले आहे. ‘यू हॅव अ नर्व्ह’ ऐकून कुणी आपले कौतुक केले असे समजू नये. ‘भलताच आगाऊ आहेस’ असा त्याचा अर्थ. आणि ‘ही गेट्स ऑन माय नर्व्ह्ज’ यात भीतीचा लवलेश नाही. तो माझ्या डोक्यात जातो, एवढेच.

काळजीच्या शब्दांचे मूळ गळ्यात आहे. ‘अँग्झायटी’ लॅटिनमधल्या आवळणे, घुसमटवणे या क्रियापदावरून आला. ऋग्वेदातील ‘अंहस्’, म्हणजे संकट, कोंडी, हा त्याच कुळातला. ‘वरी’चाही जुना अर्थ गळा आवळणे. कुत्रा मेंढीची मान धरून तिला झटकतो, त्याला इंग्रज शेतकरी आजही ‘वरी’च म्हणतो.

‘ऑन टेंटरहुक्स’ हा प्रयोग मात्र कापडाच्या धंद्यातून आला. लोकरीचे कापड कुटून-धुऊन काढले की वाळताना आटते. म्हणून मोकळ्या मैदानात लाकडी चौकटी उभ्या करून, त्यांवरच्या वाकड्या आकड्यांत कापडाचे काठ ओवत आणि ते ताणून वाळवत. चौकट टेंटर, आकडे टेंटरहुक्स. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात ‘टेंटर ग्राउंड’ नावाची गल्ली अजून आहे. निकालाची वाट पाहणाऱ्या माणसाचा जीव त्या कापडासारखा ताणलेला असतो. याला मराठीत ‘जीव टांगणीला लागणे’ हा इतका चपखल प्रयोग आहे की दुसरा शोधण्याची गरज नाही.

धैर्याचा मुक्काम काळजात. ‘करेज’ फ्रेंचमधल्या हृदयवाचक शब्दावरून आला. ‘प्लक’ त्याहून रांगडा : कापलेल्या जनावराच्या अंगातून एकत्र ओढून काढलेले हृदय, काळीज (म्हणजे यकृत) आणि फुप्फुसे म्हणजे प्लक. अठराव्या शतकात खाटकाच्या आकड्यावरचा हा शब्द हिमतीला लागू झाला. मराठीतले ‘वाघाचे काळीज’ इथे शेजारीच बसते. उलट, ज्याच्या काळजात रक्त नाही तो भित्रा, अशी जुनी समजूत होती. म्हणून शेक्सपिअरचा मॅकबेथ भीतीने पांढऱ्याफटक पडलेल्या नोकराला ‘लिली-लिव्हर्ड’ म्हणतो. ‘डच करेज’ म्हणजे दारूच्या घोटाने आलेले अवसान. १६५२ ते १६७४ या काळात इंग्रजांची डचांशी तीन युद्धे झाली. ते वैर अशा शब्दांत साठून राहिले आहे.

ठरावीक क्रियापदेही पाठ करण्याजोगी आहेत. करेज ‘मस्टर’ करतात, म्हणजे फौजेसारखे गोळा करतात. मराठीत आपण धैर्य एकवटतो. भीती ‘अले’ करतात, म्हणजे शमवतात.

भाषांतरात सर्वांत जास्त फसवतात ते शरीराचे अवयव. ‘कोल्ड फीट’ला ‘हातपाय गार पडणे’ म्हणण्याचा मोह होतो, पण आपले हातपाय गार पडतात ते अचानक धसक्याने. इंग्रजी थंड पाय ठरलेल्या लग्नाच्या किंवा व्यवहाराच्या तोंडावर माघार घेणाऱ्याचे. तिथे ‘कच खाणे’ हेच बरोबर. ‘बटरफ्लाइज इन द स्टमक’ ही केवळ प्रेमातली नसतात, भाषणापूर्वीचीही असतात. तेव्हा मराठीत फुलपाखरे सोडू नयेत, पोटात गोळा येऊ द्यावा.

मराठीने ‘नर्व्हस’ जसाच्या तसा घेतला. क्रिकेटमुळे ‘नर्व्हस नाइन्टीज’ही घराघरांत पोचले, सचिन तेंडुलकरचे १० कसोटी डाव नव्वदीतच संपले. पण जॉन्सनने आधी दिलेला बळकट हा अर्थ मराठीत कधी आलाच नाही. आला तो वैद्यांचा तिसरा.