मिनिटाला एक झुरका

आमच्या आजोळी माजघरातल्या फडताळात एक लाकडी पेटी असे. तिला हात लावायची आम्हां मुलांना बंदी होती, आणि म्हणूनच तिच्याविषयी आम्हांला सर्वांत जास्त ठाऊक होते. झाकण किलकिले केले की ओल्या मातीसारखा, गुळासारखा, थोडासा घोड्याच्या पागेसारखा वास येई. ते थोरल्या मामांचे चिरूट. मामांची सारी नोकरी दक्षिणेत, त्रिचनापल्लीकडे रेल्वेत गेली होती. निवृत्त होऊन येताना त्यांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या : रस्समची सवय आणि ही पेटी. रात्रीची जेवणे आटोपली की ते ओटीवर येऊन बसत, एक चिरूट काढीत, आणि मग तासभर घरात कोणी त्यांच्याशी कामाचे बोलत नसे. माझी आजी म्हणायची, "त्याचं पूजेत तरी इतकं ध्यान असतं का!"

या ध्यानाचा इतिहास काय, हे कुतूहल मला पुष्कळ वर्षे होते. तंबाखूचा इतिहास बहुधा व्यापाराच्या, कराच्या आणि गुलामगिरीच्या अंगाने सांगितला जातो. ते योग्यच आहे. पण एक साधा प्रश्न त्यात बाजूला राहतो. हे जळते पान तोंडात धरायचे कसे, म्हणजे ते कडू होणार नाही, हे माणसाला कोणी शिकवले?

आरंभ १४९२ च्या नोव्हेंबरातला. कोलंबस क्यूबाच्या किनाऱ्याला लागला होता आणि आपण आशियात आलो, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याने महान खानाचा शोध घेण्यासाठी दोन माणसे बेटाच्या आत धाडली : रॉद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस. तोरेसला हिब्रू आणि अरबी येत होते, म्हणून तो दुभाषी! क्यूबाच्या खेड्यात अरबीचा उपयोग किती झाला असेल, तो झालाच. खान काही सापडला नाही; सापडली ती हातात जळते कोलीत घेऊन चालणारी बायकामाणसे. पुढे बार्तोलोमे दे लास कासास या धर्मोपदेशकाने त्याचे वर्णन लिहून ठेवले. वाळक्या पानात वाळकीच पाने गुंडाळलेली, मुले सणाला कागदाच्या बंदुका करतात तशी. एक टोक पेटवायचे आणि दुसऱ्याने धूर ओढायचा. अंग बधिरते, थकवा जाणवत नाही. याच लास कासासने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. एस्पान्योला बेटावरच्या काही स्पॅनिश लोकांना हे व्यसन लागले होते. त्याने त्यांना दटावले, तेव्हा ते म्हणाले की, सोडणे आता आमच्या हातात राहिलेले नाही. पहिल्या झुरक्याची आणि पहिल्या कबुलीची नोंद अशी एकाच लेखणीतून उतरली आहे.

आपल्याकडे हे पान पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले. अकबराचा वकील असद बेग विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी गेला होता. १६०४–०५ च्या सुमाराला परत जाताना त्याने तेथून तंबाखू आणि जडावाची नळी नजराण्यासाठी नेली. म्हणजे उत्तरेच्या दरबाराला तंबाखूचा परिचय दख्खनने करून दिला, हा मान म्हणायचा तर आपल्या बाजूचा आहे. अकबराने दोनचार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, वाद झाला. बादशहाने सवय केली नाही, उमरावांनी केली. जहांगिराने १६१७ मध्ये बंदीचा हुकूम काढला. त्याचे जे व्हायचे तेच झाले. पण आपल्याकडे तंबाखू रमली ती हुक्क्यात, चिलमीत, पुढे विडीत आणि चंचीत. वळलेल्या पानाचा चिरूट घडला तो तमिळ मुलखात. 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या तोंडून फिरत तो शब्द आपल्याकडे 'चिरूट' होऊन आला. त्रिचनापल्लीचा चिरूट इंग्लंडात इतका माहितीचा झाला की, १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कथेत तो गुप्तहेर नुसत्या राखेवरून त्याला ओळखतो. मामांना हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय मोठंसं? मीही ओळखीन."

युरोपात सिगार वळण्याचे माहेरघर सेव्हिल. तिथल्या शाही तंबाखू कारखान्याचे बांधकाम १७२८ मध्ये सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात तिथे हजारो बायका सिगारा वळीत. मेरिमेची कार्मेन त्यांच्यातलीच. त्या इमारतीत आता विद्यापीठ आहे. १८०८ ते १८१४ च्या युद्धात स्पेनमध्ये लढलेले इंग्रज शिपाई सिगारची चटक घेऊन घरी परतले, आणि १८१७ मध्ये स्पेनच्या राजाने क्यूबातला तंबाखूचा मक्ता उठवला. मग हवानाला खरी बरकत आली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सिगार सावकाश ओढावी हा नियम ओढणाऱ्याच्या नजाकतीतून निघालेला नाही. तो पानातच आहे. क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात ही पाने खुडतात ती एकदम नव्हे, खालून वर, टप्प्याटप्प्याने. सुई-दोऱ्याने ओवून ती लाकडी कोठारात आढ्याला टांगतात. सावलीत, वाऱ्यावर वाळायला दीड-दोन महिने लागतात. मग त्यांचे ढीग घालतात. ढीग आतून तापतो, जसा आपला शेणखताचा उकिरडा तापतो तसा, आणि त्यातून अमोनियाचा उग्र वास निघून जातो. फार तापू नये म्हणून ढीग मोडून पुन्हा लावायचा. पुढे गाठी बांधून पाने महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे मुरत ठेवायची. झाडाच्या शेंड्याचे पान जाड आणि कडक, मधले सुवासिक, खालचे हलके पण नीट जळणारे. या तिन्हींचा गाभा, त्यावर बांधणीचे पान, आणि सर्वांत वर वेष्टनाचे तलम पान. कडक पान वळणारा नेमके मधोमध घालतो, कारण ते सर्वांत सावकाश जळते.

वळणाऱ्यांची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात डिसेंबर १८६५ पासून कामगारांना वाचून दाखवायला माणूस बसू लागला. हात पाने वळताहेत, कान मोकळे. तर ऐकावे काहीतरी! वाचकाचा पगार कामगार आपल्या खिशातून देत आणि काय वाचायचे हे तेच ठरवीत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. वर्षही उलटले नाही तो सरकारने बंदी घातली. लोक ऐकतात म्हणजे विचार करतात, हे सरकारांना फार लवकर कळते. प्रथा मात्र टिकली. फ्लोरिडातल्या टँपा शहरी गेलेल्या क्यूबन कामगारांतही ती होती. तिथे १९३१ मध्ये मालकांनी वाचकांना हाकलले आणि पुढे रेडिओ लावले. चाळीस मुलांना वाचून दाखवण्यात ज्याचा जन्म चालला आहे अशा माझ्यासारख्याला, आपल्या पगारातून वाचकाला पैसे देणाऱ्या त्या माणसांचा हेवा वाटतो.

तर असे पान हाती आल्यावर घाई केली की काय होते? झुरक्यागणिक निखारा फुलतो, त्याची उष्णता कित्येक शे अंशांवर चढते, आणि मागच्या पानातले तेल वास देण्याआधीच करपते. सुवास उडतो, कडवटपणा आणि जिभेवर चुरचुर राहते. फोडणी जाळली की जे होते, तेच. म्हणून मुरलेले लोक मिनिटाला एक झुरका असे प्रमाण सांगतात. मामांचे प्रमाण घड्याळाचे नव्हते. ते मनात एकदा भीमरूपी म्हणत आणि मग झुरका घेत. पेटवायचीही रीत होती. काडीवरचा गंधक जळून जाऊ द्यायचा, आणि मग ज्योत चिरुटाला न लावता खाली धरून टोक नुसते शेकायचे, फिरवीत फिरवीत, चहूकडून सारखे लाल होईपर्यंत. पहिला झुरका त्यानंतर. राख झटकायची नाही. बोटाच्या पेराएवढी राहू द्यायची, कारण ती निखाऱ्याला पांघरुणासारखी असते आणि वारा एकदम आत शिरू देत नाही. मध्येच कडू लागले, तर उलट हलकेच फुंकून आतला कोंडलेला धूर बाहेर घालवायचा आणि चिरूट जरा तसाच ठेवून द्यायचा. अर्धा संपल्यावर जपायचे, कारण धुरातला डांबराचा अंश आणि ओल मागे मागे सरकत शेवटच्या तिसऱ्या हिश्शात साठते. तिथे थांबावे. विझवताना चिरडू नये. बाजूला ठेवला की तो आपोआप विझतो आणि खोलीत घाण सुटत नाही. साठवणीला हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. आपल्या पावसाळ्यात बुरशी आणि उन्हाळ्यात चुरा, म्हणून मामांची निम्मी अक्कल पेटीच्या राखणीत खर्च होई.

आणि धूर छातीत घ्यायचा नाही. याला शिष्टाचार समजतात, पण कारण रसायनाचे आहे. असे मुरवलेल्या पानाचा धूर क्षारधर्मी असतो; तो घशाला झोंबतो, आणि त्यातले निकोटीन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी, म्हणून छातीत ओढल्यावाचून तिची तलफ भागत नाही. या सगळ्या रीतींना पुस्तकी रूप दिले ते झिनो दाविदॉफने. १९०६ मध्ये जन्मलेला, लहानपणी जिनिव्हाला आलेला हा दुकानदार. १९६७ मध्ये त्याने सिगारच्या जाणकारांसाठी पुस्तकच लिहिले.

इथवर सारे सुगंधी आहे. पण धूर तोंडात ठेवण्याची एक दुसरी रीत आपल्याच किनाऱ्यावर होती. गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून 'धुमटी' करीत, आणि काही बायका ती उलटी, जळते टोक तोंडात धरून ओढीत. आंध्रच्या किनाऱ्यावर, श्रीकाकुलम-विशाखापट्टणकडे, चुट्टा असाच ओढतात, विशेषतः बायका. वाऱ्याने विझू नये, हात ओले असले तरी चालावे, असे कारण सांगतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी या दोन्ही प्रदेशांत खेड्यापाड्यांतून माणसांची तोंडे तपासली. उलट ओढणाऱ्यांत टाळूचे विकार आणि टाळूचा कर्करोग आढळला. एरवी टाळूचा कर्करोग विरळा.

म्हणजे उलट ओढणे वाईट आणि सुलट ओढणे बरे, असे कोणी म्हणेल. जनरल ग्रँट सुलटच ओढीत असे. १८६२ मध्ये डोनेल्सनचा किल्ला घेतला तेव्हा तो सिगार ओढत होता, हे वर्तमानपत्रांत वाचून लोकांनी त्याला सुमारे दहा हजार सिगारा भेट पाठवल्या. १८८५ मध्ये तो घशाच्या कर्करोगाने गेला. फ्रॉइड दिवसाला वीसेक सिगारा ओढी. १९२३ मध्ये त्याच्या तोंडात कर्करोग निघाला. नंतरच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटली नाही. माणसाच्या मनाचा इतका मोठा जाणकार, आणि लास कासासला स्पॅनिश माणसांनी दिले त्याहून वेगळे उत्तर त्याच्यापाशीही नव्हते. फिडेल कॅस्ट्रोने मात्र १९८५ मध्ये सोडली. छातीत धूर न घेणाऱ्याची फुप्फुसे काहीशी वाचतात, पण तोंड आणि घसा वाचत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. सगळी रीत चवीसाठी होती. तब्येतीसाठी ती कधी नव्हतीच.

मामांच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा उठला तेव्हा त्यांनी तो चुन्याने आला असे सांगून वर्षभर लपवला. मुंबईला नेले तोवर उशीर झाला होता. शेवटच्या महिन्यांत त्यांना बोलता येत नसे. पाटीवर लिहून दाखवीत. एकदा मी जवळ बसलो असता त्यांनी फडताळाकडे बोट केले. मी पेटी आणून दिली. त्यांनी झाकण उघडले, बराच वेळ वास घेतला, आणि झाकण लावून ती माझ्या हाती दिली. पाटीवर लिहिले : "आतले फेकून दे. पेटी चांगली आहे."

ती आता माझ्या शाळेच्या कपाटात असते. तिच्यात खडू ठेवतो. पावसाळ्यात खडूंना अजून थोडासा वास लागतो.